एक मिनिट चौदा सेकंद

डॉक्टरांनी विचारलं, "झटका किती वेळ चालला?"

मी म्हणालो, "दहा मिनिटं तरी."

शेजारी बसलेल्या लेकीनं काही न बोलता मोबाइल पुढे सरकवला. रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी सुरू केलेला व्हिडिओ होता. लांबी एक मिनिट दोन सेकंद, आणि शेवटच्या सेकंदाला खारूचे पाय थांबलेले दिसतात. मोबाइल हातात येईपर्यंत गेलेले दहा-बारा सेकंद धरले, तरी हिशेब एक मिनिट चौदा सेकंदांच्या पुढे जात नाही. मी त्याची दहा मिनिटं केली होती. थापा मारायच्या नव्हत्या, मला खरंच तेवढा वेळ वाटला होता.

डॉक्टर हसल्या नाहीत. "सगळ्यांना असंच वाटतं," त्या म्हणाल्या. "पण एका मिनिटाच्या झटक्यात मी तुम्हाला घरी शांत बसायला सांगेन आणि पाच मिनिटांच्या झटक्यात असाल तसे निघून या म्हणेन. त्यामुळे अंदाज नको, घड्याळ बघा."

खारू ही आमची मांजर. शेपूट खारीसारखी झुपकेदार, म्हणून नाव खारू. तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरात तिच्याशिवाय एक म्हातारा बोका आहे, आप्पा. त्याचं नाव असं का पडलं, ते त्याला पाच मिनिटं पाहिलं की कळतं.

त्या रात्री धप्प असा आवाज आला म्हणून उठलो. खारू खुर्चीवरून खाली पडली होती. कुशीवर आडवी, मान मागे ओढलेली, चारी पाय काठीसारखे ताठ. काही क्षण ती तशीच राहिली, श्वास घेते की नाही हेही कळेना. मग पाय हलायला लागले, पाण्यात पोहत असल्यासारखे, एका लयीत. जबडा कटकट वाजत होता, तोंडातून फेस येत होता, डोळे सताड उघडे आणि बाहुल्या इतक्या पसरलेल्या की डोळ्याचा रंगच दिसेना. खाली लघवीचं थारोळं. हाका मारल्या, पण तिला काही ऐकू जात असेल असं वाटत नव्हतं.

मी काय केलं? जे करू नये ते सगळं केलं, आणि तेही ओळीनं. आधी तिला पांघरुणात गुंडाळलं. मग जीभ गिळेल या भीतीनं तोंडात बोट घातलं. मांजर काय, कुणीच झटक्यात जीभ गिळत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. जबड्याचे स्नायू तेव्हा आपोआप आवळतात, चावणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. तर्जनीच्या दोन्ही बाजूंनी सुळे आत गेले. पांघरूणही चूकच होती. सगळे स्नायू एकाच वेळी काम करत असल्यामुळे झटक्यात अंग तापतं. मांजरीचं एरवीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि लांबलेल्या झटक्यात ते धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अशा जिवाला मी गुंडाळून ठेवत होतो.

लेक दारात उभी राहून व्हिडिओ काढत होती. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, "फोटो कसले काढतेस!" नंतर तिला विचारलं, तुला हे कसं सुचलं? म्हणाली, "सुचलं नाही बाबा, दुसरं काय करायचं तेच कळेना."

पाय थांबले की संपलं, असं मला वाटलं. पण खरा गोंधळ पुढेच होता. खारू उठली आणि सरळ भिंतीवर जाऊन आदळली. वळली, पुन्हा आदळली. तिला दिसत नव्हतं. खोलीच्या कडेकडेनं ती चकरा मारत राहिली, मी जवळ गेलो तर गुरगुरली. सहा वर्षांत माझ्यावर पहिल्यांदा. मग वाडग्यापाशी गेली आणि जन्मात कधी खाल्लं नसल्यासारखी खायला लागली. तेवढ्यात आप्पा आला. हिच्या अंगाला वेगळाच वास येत असावा, चालही वेगळी. आप्पानं पाठ कमानीसारखी केली आणि एक जोरदार पंजा हाणला. बिचारी उलटून लढलीही नाही. आप्पाला दुसऱ्या खोलीत कोंडलं, दिवे मंद केले आणि आम्ही दोघं जमिनीवर बसून राहिलो. साधारण चाळीस मिनिटांनी तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं. हे मात्र मी घड्याळात पाहिलं होतं. झटक्यानंतरची ही भ्रमलेली अवस्था काही मिनिटं टिकू शकते, काही तास टिकू शकते, कधी एखादा दिवसही. ती किती वेळ राहिली हे डॉक्टरांना वेगळं सांगायचं असतं, झटक्याच्या वेळात मिसळायचं नसतं. माझी दहा मिनिटं बहुधा त्या मिसळण्यातूनच आली असावीत.

बोटाबद्दल थोडं सांगतो, कारण हा भाग लोक अंगावर काढतात. मांजराचे दात सुईसारखे असतात, जखम वरून बारीक दिसते आणि जंतू खोल जातात. सकाळी बोट टरारून सुजलं होतं. खारूच्या डॉक्टरांनी खारूकडे बघायच्या आधी माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला रेबीजची लस कधी दिली?" मेंदूची लक्षणं दाखवणारं आणि चावलेलं जनावर म्हटल्यावर हा प्रश्न पहिला येतोच. लस वेळेवर दिलेली होती, ती घराबाहेर जात नव्हती. तरी त्यांनी मला माणसांच्या डॉक्टरांकडे धाडलं. चावल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची असते. मी ती रुमालानं पुसली होती.

आता त्या दिवशीच्या प्रश्नांकडे येतो. मला वाटलं होतं, डॉक्टर खारूला तपासतील, इंजेक्शन देतील. त्यांनी अर्धा तास नुसतं विचारलं. पडण्याआधी ती काय करत होती? झोपलेली होती की उड्या मारत होती? पडल्यावर अंग ताठ होतं की लुळं? उठल्यावर लगेच नेहमीसारखी झाली की भ्रमलेली? यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक वेगळा आजार दडलेला असतो, हे नंतर कळलं. हृदयाच्या दुखण्यानं मांजर कोसळतं तेव्हा ते बहुधा लुळं पडतं, काही सेकंदांत सावरतं आणि उठल्यावर जवळजवळ ठीक असतं. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात बिघाड झाला तर मान एका बाजूला कलते, बुबुळं इकडून तिकडे धावतात, पण मांजर शुद्धीवर असतं. झटका वेगळा. मेंदूतल्या पेशी एकदम, एकाच वेळी, ताळतंत्र सोडून विजेचे संदेश पाठवू लागतात आणि त्या वादळात शुद्ध हरपते.

मग विषांचे प्रश्न. उंदराचं औषध? गोगलगाईंचं औषध? गाडीच्या रेडिएटरमधलं द्रव्य? आणि सगळ्यात जोर देऊन, "पिसवांचं औषध लावलंत का? कुत्र्यांचं?" कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजरीचं यकृत मात्र ते नीट मोडू शकत नाही. 'मांजर लहान आहे, निम्मे थेंब टाकू' असा हिशेब करून लोक ते लावतात आणि काही तासांत मांजर थरथरायला लागतं. आमच्या घरी कुत्रा नाही, म्हणून ती शंका मिटली.

आवाजाबद्दलही विचारलं. चमच्यानं वाडगा वाजणं, किल्ल्या खुळखुळणं, चांदीसारख्या कागदाची चुरचुर. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या पशुवैद्यांनी अशा आवाजांनी झटके येणाऱ्या मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती बहुतेक म्हातारी होती, सुरुवात व्हायचं सरासरी वय पंधरा वर्षं. खारू त्यात बसत नव्हती. पण हे ऐकल्यापासून मी घरात किल्ल्या खिशात दाबून धरतो, ते आजतागायत.

शेवटी त्यांनी विचारलं, "याआधी कधी काही वेगळं दिसलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. "कालचा पहिलाच."

लेक मोबाइलमध्ये मागे मागे जात होती. "बाबा, ते वेडावून दाखवते ते?"

तो व्हिडिओ मी पन्नास वेळा पाहिला होता. नातेवाइकांना पाठवलाही होता. तीन आठवड्यांपूर्वीचा. खारू सोफ्यावर बसली आहे आणि आमच्याकडे बघून तोंड वाकडं करते आहे. उजवीकडच्या मिशा मागे खेचल्या जातात, उजवा कान फडफडतो, ओठ चटचट वाजतात, हनुवटीवरून लाळेची तार लोंबते. मागे आमचं हसणं ऐकू येतं. वीस सेकंद. मग ती एकदम भानावर येते आणि पंजा चाटायला लागते.

डॉक्टरांनी तो तीनदा पाहिला. आवाज बंद करून. मग म्हणाल्या, "हा पहिला. किंवा निदान तुम्ही पाहिलेला पहिला."

मांजरींमध्ये असे अर्धे-मुर्धे झटके फार असतात. मेंदूच्या एका तुकड्यात वादळ उठतं आणि शरीराचा तेवढाच भाग नाचतो. चेहऱ्याची एक बाजू, एक कान, एक पापणी. कधी नुसती लाळ. कधी नसलेल्या माशा पकडणं. कधी शेपटामागे किंवा समोर काहीच नसताना भिंतीवर चढेल असं सुसाट धावणं. मांजर मुळातच इतकं विक्षिप्त जनावर, की मालक म्हणतो, आज हिला खूळ लागलंय. आम्हीही तेच म्हणालो होतो. आता आठवायला लागल्या त्या बारीक बारीक गोष्टी: सकाळी उशीवर ओला डाग दिसायचा, एकदा ती खिडकीत बसून हाक मारल्यावर वळलीच नव्हती, कान मात्र उडत होता. मी म्हणालो होतो, रुसली असेल.

झोपेतल्या हालचालींनीही मला बराच काळ छळलं. स्वप्नात मांजरीचे पंजे हलतात, मिशा थरथरतात, मग प्रत्येक वेळी घाबरायचं का? डॉक्टरांनी सांगितलेली खूण अशी: लांबूनच हळू हाक मारा. स्वप्नातलं मांजर जागं होतं, वैतागून बघतं, अंग सैल असतं. झटक्यातलं मांजर हाकेनं थांबत नाही. पहिले काही दिवस मी खारूला इतक्या वेळा उठवलं, की तिनं झोपायची जागा कपाटाच्या वर हलवली. मग पडेल म्हणून कपाटाच्या वरच्या बाजूला खोकी भरून टाकावी लागली.

तपासण्या झाल्या. रक्तातली साखर, यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, रक्तदाब, मांजरांच्या विषाणूंच्या आणि टोक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या चाचण्या. सगळं ठीक. मी खूश झालो, डॉक्टर तेवढ्या झाल्या नाहीत. कुत्र्यांमध्ये कारण न सापडणारा अपस्मार, म्हणजे झटक्यांचा आजार, सर्रास असतो. मांजरीत मात्र मेंदूत काहीतरी असण्याची शक्यता जास्त धरून चालतात, त्यातून खारूचे झटके एकाच बाजूचे. एमआरआय आणि मणक्यातल्या पाण्याची तपासणी करायची तर पूर्ण भूल द्यावी लागते. मी दोन आठवडे टाळलं. भुलेची भीती होती आणि खरं सांगायचं तर निकालाचीही. अखेर केलं. गाठ नाही, सूज नाही, काहीच नाही. कारण अज्ञात. हे शब्द ऐकून आनंद व्हावा की चिडावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दोन आठवड्यांत एक चांगलं झालं. आम्ही वही घातली. तारीख, वेळ, किती सेकंद, कुठून सुरुवात झाली, कोणती बाजू, लाळ, लघवी, हाकेला उत्तर, नंतर किती वेळ भ्रमलेली. महिना भरला तेव्हा वहीत मोठा झटका एक आणि छोटे सात होते. एखाद-दुसरा सुटा झटका आला असता तर कदाचित नुसतं लक्ष ठेवा म्हणाल्या असत्या. वही पाहून त्यांनी औषध सुरू केलं.

फिनोबार्बिटोन, दर बारा तासांनी. मांजरीसाठी पहिली पसंती याच औषधाला, आणि ते माणसांसाठीही फार जुनं आहे. पहिले दहा दिवस खारू दारू प्यायल्यासारखी चालायची. मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. भूक मात्र राक्षसी, आप्पाच्या वाडग्यावर धाड घालण्याइतकी. ही झिंग बहुधा उतरते, उतरलीही. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजलं, कारण तेवढ्यात ते स्थिरावतं. नंतर ठरावीक महिन्यांनी तेच आणि यकृताची तपासणी. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी अपेक्षा खाली आणल्या होत्या: झटके पूर्ण बंद झाले तर उत्तमच, निम्म्याहून कमी झाले तरी औषध लागू पडलं म्हणायचं.

गोळी देणं हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर माझ्या हातावरचे ओरखडे जास्त चांगलं बोलतील. एवढंच सांगतो, की गोळी दिल्यावर सुई नसलेल्या सिरिंजनं थोडं पाणी पाजायचं, नाहीतर ती कोरडी घशाखाली अन्ननलिकेत अडकून राहते.

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडून घोळ झाला. संध्याकाळची गोळी लेकीनं दिली असं मी धरलं, मी दिली असं तिनं. हे औषध अंगाला सवय लावतं. ते मधेच बंद केलं तर त्या बंद होण्यानंच झटका येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी मोठा झटका, एक मिनिट पाच सेकंद. या वेळी मी हात लावला नाही. खुर्ची बाजूला ओढली, डोक्याजवळचा टेबलाचा कोपरा उशीनं झाकला, पंखा लावला, आप्पाला हाकललं आणि घड्याळाकडे बघत बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवले होते, अक्षरशः. वाटलं, निभावलं. दुपारी पावणेदोनला पुन्हा.

चोवीस तासांत दोन झाले की वाट बघायची नाही, हे पाठ होतं. कॅरियर कपाटावरच्या खोक्यांमागे होता, तो काढण्यात चार मिनिटं गेली (आता तो दाराशी असतो). दवाखान्यात शिरेतून औषध दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. त्या रात्री एका ओळखीच्या माणसानं फोनवर सल्ला दिला, घरात डायझेपामच्या गोळ्या असतील तर पाव गोळी देत जा, माणसालाही तेच देतात. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांचा चेहराच बदलला. तोंडावाटे दिलेल्या डायझेपामनं काही मांजरींचं यकृत काही दिवसांत पूर्ण निकामी होतं. कुत्र्यांच्या झटक्यांवरचं पोटॅशियम ब्रोमाइडही मांजरीला चालत नाही, त्यानं फुप्फुसांना दम्यासारखी सूज येते. घरी ठेवायला त्यांनी नाकात फवारायचं मिडाझोलाम दिलं, मात्रा सिरिंजवर खूण करून. कधी वापरायचं तेही लिहून दिलं: झटका पाच मिनिटांपर्यंत पोहोचला तर, किंवा एकामागून दुसरा लागला तर. आणि वापरलं तरी निघायचं, घरी थांबायचं नाही.

ते अजून वापरावं लागलेलं नाही. मुदत संपली म्हणून एकदा बदललं फक्त.

फ्रिजवर आता तक्ता आहे. गोळी देणारा सही करतो. सही नाही म्हणजे दिली नाही, असा नियम, पण शंका आली तर आधी डॉक्टरांना फोन, आपल्या मनानं दुहेरी गोळी नाही. सकाळी आठ आणि रात्री आठ. पहिल्या वर्षी खारू आठ वाजता पलंगाखाली जायची. हल्ली आठला दोन-तीन मिनिटं कमी असताना स्वतःच येऊन बसते, कारण गोळीनंतर तिला काहीतरी खायला मिळतं. वजन वाढलंय. डॉक्टर रागावतात, मला तक्त्यावर सही करताना त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

मोठा झटका गेल्या चौदा महिन्यांत आलेला नाही. छोटे येतात, महिन्याला एक, कधी दोन. कालची नोंद अशी आहे: रात्री ११.२०. उजवा कान, उजव्या मिशा. लाळ थोडी. २५ सेकंद. हाक मारल्यावर वळली नाही. नंतर तीन मिनिटं भिंतीकडे बघत बसली, मग खायला मागितलं. आप्पा बाहेर होता. अक्षर लेकीचं आहे, मी झोपलो होतो.